शंभर थरांखालचं युद्ध

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात एक लहानसं तैलचित्र आहे. उंची साधारण ६६ सेंटिमीटर, रुंदी ७६. मी ते फक्त स्क्रीनवर पाहिलंय. तुम्ही फोनवर पाहणार असाल तर ब्राइटनेस वाढवा, कारण पहिल्या नजरेत त्यात काळपट हिरवा-तपकिरी चिखल सोडून काही दिसत नाही. मग हळूहळू काटेरी तारा दिसू लागतात. हात वर करून शरण येणारे जर्मन सैनिक दिसतात. जमिनीच्याच रंगाचे गणवेश घातलेले, त्यामुळे जमिनीतूनच उगवल्यासारखे वाटणारे कृष्णवर्णीय सैनिक दिसतात. आकाशात स्फोट होताहेत, विमानं कोसळताहेत. चौकटीवर लाकडात कोरलेले छोटे हातबॉम्ब, हेल्मेटं आणि बंदुका चिकटवल्या आहेत.

चित्राचं नाव आहे ‘युद्धाचा शेवट: घराकडे निघताना’. घर मात्र त्यात कुठेच नाही.

होरेस पिपिननं हे चित्र १९३० च्या सुमारास सुरू केलं आणि संपवायला त्याला तीन वर्षं लागली. त्याच्याच अंदाजानं त्यानं त्यावर रंगाचे शंभरेक थर चढवले. त्यामुळे ते सपाट राहिलेलंच नाही, रंग जागोजागी उंचवट्यासारखा वर आलाय. हे त्याचं पहिलं तैलचित्र. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

‘कला माणसाला बरं करते’ हे वाक्य आजकाल फार स्वस्त झालंय. रंगवायच्या पुस्तकांच्या जाहिरातीत ते असतं, रीलवर असतं, ऑफिसातल्या ‘वेलनेस वीक’च्या मेलमध्येही असतं. ते खोटं आहे असं मला वाटत नाही. पण ‘बरं करते’ म्हणजे नेमकं काय करते, हे त्यात कधीच सांगितलेलं नसतं. पिपिनच्या आयुष्याबद्दल वाचताना मला त्याचं थोडंफार उत्तर मिळालं, आणि ते रीलवरच्या उत्तरापेक्षा बरंच वेगळं होतं.

धुतल्यावर गेलेलं चित्र

पिपिनचा जन्म २२ फेब्रुवारी १८८८ चा, पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर गावातला. लहानपण न्यूयॉर्क राज्यातल्या गोशेन गावात गेलं. आजीआजोबा गुलामगिरीत जन्मलेले, आई घरकाम करणारी. शाळा फक्त काळ्या मुलांसाठीची. शब्दांचं स्पेलिंग लिहायला सांगितलं की हा मुलगा शब्दाशेजारी त्या वस्तूचं चित्र काढायचा आणि शाळा सुटल्यावर शिक्षा म्हणून थांबून राहायचा. एका मासिकातल्या जाहिरातीत चित्र काढून पाठवायची स्पर्धा होती. त्यात त्याला बक्षीस मिळालं: रंगीत खडू, पाण्याचे रंग आणि दोन ब्रश.

त्या खडूंनी त्यानं मलमलीच्या गोल तुकड्यांवर बायबलमधले प्रसंग काढले आणि चर्चच्या मुलांच्या जत्रेत विकायला दिले. एका बाईनं एक तुकडा विकत घेतला. पुढे भेटल्यावर तिनं तक्रार केली की रुमाल धुतला तर नुसतं स्वच्छ कापड हातात राहिलं. पिपिननं मोठेपणी ही आठवण लिहून ठेवलीय. खडूचं चित्र धुतल्यावर राहील कसं, याचंच त्याला नवल वाटलं होतं.

पुढे एका शेतावर काम करताना त्यानं झोपलेल्या शेतमालकाचं चित्र काढलं. मालकाला ते इतकं आवडलं की पोराला चित्रकलेच्या शाळेत पाठवावं असं तो म्हणाला. पण आई आजारी होती आणि घर चालवायचं होतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. नंतर पिपिननं कोळशाच्या वखारीत काम केलं, हॉटेलात सात वर्षं हमाली केली, एका गोदामात सामानाची बांधाबांध केली. त्या सामानात लोकांची तैलचित्रंही असायची. ती खोक्यात नीट बसवून पाठवणं हे त्याचं काम. शेवटी रेल्वेच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो ओतकामगार झाला.

‘स्वयंशिक्षित कलाकार’ हा शब्द आपण कौतुकानं वापरतो. पिपिनच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे: शिकायची संधी दारात आली होती आणि परिस्थितीनं ती परत पाठवली.

१९१ दिवस

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि पिपिन न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पलटणीत भरती झाला. हीच पुढे ३६९ वी इन्फंट्री रेजिमेंट झाली. ‘हार्लेम हेलफायटर्स’ या नावानं ती आज प्रसिद्ध आहे, पण तेव्हा अमेरिकी सैन्यात तिला जागा नव्हती. गोऱ्या सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून काळ्यांनी लढणं वरिष्ठांना मान्य नव्हतं, म्हणून ही पलटण फ्रेंचांच्या हाताखाली देऊन टाकली गेली. अंगावर अमेरिकी गणवेश, डोक्यावर फ्रेंच हेल्मेट, हातात फ्रेंच रायफल. ती १९१ दिवस आघाडीवर राहिली. फ्रान्सनं संपूर्ण पलटणीला ‘क्रॉ द गेर’ हे शौर्यपदक दिलं.

पिपिन कॉर्पोरल होता. खंदकात बसून तो चित्रं काढायचा. त्यानं लिहिलंय की फ्रान्समधली शंभरेक दृश्यं त्यानं काढली होती आणि शेवटी ती जाळून टाकली. युद्धाच्या आठवणींच्या त्याच्या काही वह्या मात्र उरल्या. त्या आज स्मिथसोनियनच्या कला-अभिलेखागारात आहेत. स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं, वाक्यं विरामचिन्हांशिवाय वाहत जाणारी, आणि मध्येच खडूनं काढलेली मोजकी चित्रं.

१९१८ च्या शरदात, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, त्याच्या उजव्या खांद्यात गोळी घुसली. तो तोफगोळ्यानं पडलेल्या एका खड्ड्यात पडून राहिला. वहीत तो सांगतो की एक फ्रेंच सैनिक खड्ड्याच्या काठाशी आला. पिपिननं त्याला सावध करायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात त्याच्या डोक्यात गोळी लागली आणि तो पिपिनच्या अंगावर कोसळला. रक्त इतकं गेलं होतं की मेलेल्या माणसाला बाजूला सारण्याचीही ताकद पिपिनमध्ये उरली नव्हती. त्या मृत सैनिकाजवळचं पाणी आणि पाव खाऊन तो तग धरून राहिला. वरून पाऊस सुरू होता.

डॉक्टरांनी खांदा पोलादी पट्टीनं जोडला. १९१९ साली तो घरी आला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. गणवेशातून परतलेले सैनिकही त्यातून सुटले नाहीत. जखमी सैनिकाला मिळणारं ‘पर्पल हार्ट’ पदक पिपिनला मिळालं ते १९४५ साली.

सळई जागेवर, फळी हलती

१९२० साली पिपिननं जेनीशी लग्न केलं. ती विधवा होती, पदरात एक मुलगा होता. तिघं वेस्ट चेस्टरला राहू लागले. त्याला अपंगत्वाचं तुटपुंजं पेन्शन मिळायचं. जेनी लोकांचे कपडे धुवायची आणि पिपिन ते घरोघर पोचवायचा. एकेकाळचा ओतकामगार, आता जड काहीच उचलू शकत नव्हता.

‘शेलशॉक’ हा शब्द तेव्हा वैद्यकात येऊन काही वर्षंच झाली होती. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी तो ‘द लॅन्सेट’मध्ये वापरला. हस्तव्यवसायातून रुग्णांवर उपचार करण्याची चळवळही अमेरिकेत १९१७ साली संघटित झाली होती. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द यायला मात्र १९४२ साल उजाडलं. क्षयरोगातून उठलेल्या एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं तो रूढ केला. आपण आज सर्रास वापरतो ते ‘पीटीएसडी’ हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं १९८० मध्ये. पिपिनच्या स्वयंपाकघरात यातलं काहीच नव्हतं. होती ती शेगडी.

१९२५ च्या सुमारास, हिवाळ्यात, निखारे ढवळायची लोखंडी सळई तापून लाल झालेली त्यानं पाहिली आणि लाकडावर तिनं चित्र डागता येईल असं त्याच्या डोक्यात आलं. अडचण अशी की उजवा हात सळई पेलून फिरवू शकत नव्हता. मग त्यानं उलटं केलं. सळईची मूठ उजव्या हातात, हात गुडघ्यावर टेकवलेला, आणि सळईचं तापलेलं टोक एका जागी स्थिर. डाव्या हातानं तो फळी हलवायचा. रेघ सळई मारत नव्हती, फळी सरकत होती.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर उभं राहिलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. चाक जागेवर फिरतं, तुकडा आपण हलवतो. पिपिननं जे केलं ते मला सर्वांत आधी अभियांत्रिकी म्हणून आवडलं. निकामी झालेल्या भागाकडून त्याला जमेल तेवढंच काम घ्यायचं, म्हणजे स्थिर राहण्याचं, आणि हालचालीचं काम धडधाकट भागाकडे द्यायचं. हा उपाय त्याला कुणी सांगितलेला नव्हता.

या डागलेल्या फळ्यांपैकी एक आहे ‘वाट चुकताना’. बर्फात अडकलेली गाडी, पुढे फारसं काही दिसत नाही. युद्धाचं नावही नाही त्यात, पण हरवलेपण पुरेपूर आहे.

फळ्या डागता डागता दुखऱ्या हातात थोडं बळ आलं. मग तो तैलरंगांकडे वळला. आता उजव्या हातात ब्रश आणि उजव्या मनगटाखाली डाव्या हाताचा आधार, अशा दोन्ही हातांनी तो रंगवू लागला. ‘बरं करते’ याचा पहिला अर्थ इथे अगदी शब्दशः सापडतो. फिजिओथेरपीत जे करवून घेतात तेच त्यानं स्वतःकडून करवून घेतलं, रोज, वर्षानुवर्षं. फरक एवढाच की त्याला व्यायाम करायचा नव्हता, चित्र काढायचं होतं.

शंभर थर कशासाठी?

तैलरंग महाग होते आणि पैसा नव्हता. तरी एकाच चित्रावर शंभर थर का? कलासमीक्षकांनी याची अनेक कारणं दिली आहेत. मला त्याच्या स्वतःच्या सांगण्यात एक धागा दिसतो. तो म्हणायचा की चित्र त्याला आधी मनात पूर्ण दिसतं, तो ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा पाहतो, आणि मगच रंगवायला घेतो. युद्धाबद्दल त्यानं लिहिलंय की तिथलं दुःख तो विसरला नाही आणि तिथले सूर्यास्तही विसरला नाही. ते सगळं मनात घेऊन तो घरी आला आणि त्यातूनच रंगवत राहिला. युद्धानं आपल्यातली कला बाहेर काढली, असंही त्यानं म्हटलंय.

आघातानंतर आठवण आपल्या मर्जीनं येत नाही. रात्री येते, आवाजानं येते, वासानं येते. तिचा वेळ तीच ठरवते. पिपिननं तीन वर्षं दररोज स्वतः ठरवून त्या रणांगणावर फेरी मारली. आज काटेरी तार, उद्या आकाश, परवा शरण आलेल्याचा हात. न आवडलेलं झाकता येत होतं, झाकलेलं पुन्हा वर आणता येत होतं. खंदकात काढलेली शंभर चित्रं त्यानं जाळली होती. आता एकाच चित्रात तो शंभर वेळा परत गेला, आणि या वेळी कुठे थांबायचं हे त्याच्या हातात होतं.

मराठीत आपण दोन गोष्टी वेगळ्या म्हणतो: ‘बरं होणं’ आणि ‘बरं वाटणं’. बरा झालेला माणूस औषध थांबवतो. बरं वाटतंय म्हणणारा उद्या पुन्हा घेतो. पिपिन पहिल्या चित्रानंतर थांबला नाही. खंदक, वायुहल्ल्याचा इशारा, शँपेनच्या आघाडीवरचे खड्डे, विमानांची झुंज, असं तो रंगवतच राहिला. ‘डॉमिनो खेळणारे’ हे त्याचं १९४३ चं चित्र पाहा. गरिबाघरचं स्वयंपाकघर, भिंतीचं प्लास्टर उडून आतल्या पट्ट्या दिसताहेत. टेबलाशी डोमिनोचा डाव रंगलाय, एक मुलगा कंटाळून बसलाय, शेजारी एक बाई गोधडी शिवतेय. लहानपणीचं घर त्यानं असं अनेकदा रंगवलं. ‘घराकडे निघताना’मध्ये न दिसलेलं घर दिसायला दहा वर्षं लागली.

शोध लागलेला माणूस

१९३७ साली गावातल्या कलाप्रेमींचं लक्ष त्याच्याकडे गेलं. बूटदुरुस्तीच्या दुकानाच्या काचेत लावलेलं त्याचं चित्र कुणा जाणकाराच्या नजरेस पडलं, अशी कथा सांगतात. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं, म्हणजे ‘मोमा’नं, त्याची चार चित्रं प्रदर्शनात लावली. १९४० मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कार्लनच्या गॅलरीत त्याचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. प्रसिद्ध संग्राहक अल्बर्ट बार्न्सनं चित्रं विकत घेतली आणि त्याला आपल्या संस्थेतल्या वर्गांनाही बोलावलं. पिपिन काही दिवस गेला आणि मग जायचा थांबला.

त्याला लावलेलं लेबल होतं ‘प्रिमिटिव्ह’, म्हणजे आदिम, भाबडा. त्यात कौतुक होतं, पण एक सोयही होती. भाबड्या माणसाला राजकीय मत नसतं.

पिपिनला होतं. १९४३ च्या ‘मिस्टर प्रेज्युडिस’ या चित्रात त्यानं विजयाचं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर मध्यभागी काढलं आणि एक गोरा माणूस त्यात पाचर ठोकून ते दुभंगतोय असं दाखवलं. एका बाजूला गोरे सैनिक, दुसऱ्या बाजूला काळे. वर एकीकडे क्लॅनचा बुरखेधारी, दुसरीकडे तपकिरी वर्णाची स्वातंत्र्यदेवता. काळ्या सैनिकांत पहिल्या महायुद्धाच्या गणवेशातला एक आहे, त्याचा उजवा हात लुळा आहे.

त्याआधी, १९४२ मध्ये, त्यानं जॉन ब्राउनवर तीन चित्रं काढली. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या या गोऱ्या माणसाला २ डिसेंबर १८५९ रोजी फाशी झाली. पिपिनच्या आजीनं ती पाहिली होती असं सांगितलं जातं. फाशीकडे नेतानाच्या चित्रात कोपऱ्यात एक काळी बाई आहे. सगळी गर्दी गाडीकडे बघतेय आणि ती पाठ फिरवून थेट आपल्याकडे बघतेय. महाराष्ट्रात बसून हे चित्र बघताना मला १८७३ सालची ‘गुलामगिरी’ आठवली. जोतीराव फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. पुण्यातल्या एका माणसाला जी लढाई आपली वाटली, ती पिपिनच्या घरात आजीकडून आलेली होती. त्याच्या जखमेचा उगम फ्रान्समधल्या खड्ड्याच्या कितीतरी आधीचा होता.

म्हणूनच ‘कलेनं तो सावरला’ एवढीच गोष्ट सांगितली की काहीतरी निसटतं. त्याला गोळी लागली ती युद्धात. त्या युद्धात त्याच्याच सैन्यानं त्याला परक्यांकडे सोपवलं. घरी आल्यावर त्याच्याच देशानं त्याला मागच्या दारानं आत घेतलं. सावरण्याची सगळी जबाबदारी जखमी माणसावर टाकली की जखम करणाऱ्याचं नाव घ्यायची गरज उरत नाही. पिपिननं सावरणंही केलं आणि नावंही घेतली.

डोंगरापलीकडचं जंगल

१९४४ पासून त्यानं ‘पवित्र पर्वत’ ही मालिका सुरू केली. विषय बायबलमधला: लांडगा आणि कोकरू एकत्र नांदतील, असं शांततेचं भाकीत. पहिल्या चित्रावर तारीख आहे ६ जून १९४४, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तो दिवस. दुसऱ्यावर ७ डिसेंबर, पर्ल हार्बरचा स्मृतिदिन. तिसऱ्यावर ९ ऑगस्ट १९४५, नागासाकी. पुढे हिरवळीवर प्राणी शांत बसलेत, पांढऱ्या झग्यातल्या मेंढपाळाचा चेहरा पिपिनसारखा आहे. झूम करून मागच्या गर्द जंगलात बघा. झाडांआड चिमुकले सैनिक आहेत, थडग्यांचे क्रूस आहेत, एक माणूस झाडाला टांगलेला आहे. सत्तावीस वर्षांनंतरही युद्ध गेलेलं नव्हतं. फक्त ते चित्रभर न पसरता मागच्या रांगेत बसलं होतं. मला वाटतं, ‘बरं वाटणं’ याचा याहून प्रामाणिक नकाशा क्वचितच कुणी काढला असेल.

त्याचे शेवटचे दिवस सुखाचे नव्हते. १९४४ मध्ये जेनीला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. पिपिनची दारू वाढली. चित्रं विकली जात होती, नाव झालं होतं, आणि घरी तो एकटा होता. ६ जुलै १९४६ रोजी पक्षाघाताच्या झटक्यानं त्याचा मृत्यू झाला. वय ५८. काही दिवसांतच जेनीही गेली.

कलेनं त्याचा हात चालता केला. आठवणीवर थोडी हुकमत दिली, आणि जे कुणी ऐकून घेत नव्हतं ते बोलायला जागा दिली. जेनीचा आजार ती थोपवू शकली नाही, त्याचं एकटेपणही तिला पुरलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि एकीसाठी दुसरी लपवायचं कारण नाही. आपल्यापैकी कुणी रात्री स्केचबुक उघडून बसत असेल तर त्यानं स्वतःकडून ‘बरं होण्याची’ अपेक्षा करून आणखी एक ओझं वाहू नये. थोडं बरं वाटलं आणि उद्या पुन्हा बसावंसं वाटलं, तर तेवढं पुष्कळ आहे.

‘पवित्र पर्वत’ मालिकेतलं चौथं चित्र अपूर्ण राहिलं. पूर्ण केलेल्या अखेरच्या चित्रांपैकी एक आहे ‘बाकावरचा माणूस’. बागेतलं लाल बाक, शरदातली झाडं, आणि बाकावर एकटाच बसलेला एक माणूस. त्यात खंदक नाही, तार नाही. तो कुणाची वाट बघतोय की नुसता बसलाय, हे पिपिननं आपल्यावर सोडलंय.